निवडलेले लोक आणि दादा

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात वादविवादाच्या बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवत. पाळकसाहेबांच्या हॅटमध्ये चिठ्ठ्या टाकायच्या आणि डोळे मिटून एकेकाने एक उचलायची. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या वर्षी विषय होता, माणसाचं तारण देवाच्या निवडीने होतं की माणसाच्या स्वतःच्या इच्छेने. माझ्या चिठ्ठीवर 'निवड' निघालं. 'इच्छा' निघालं असतं तर मी ती बाजू तितक्याच जोरात मांडली असती. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला स्वतःची जी किळस वाटते ती इथूनच सुरू होते.

ज्यांना हा वाद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. एक पक्ष म्हणतो, जग घडवण्याच्या आधीच देवाने ठरवून ठेवलंय कोणाला वाचवायचं ते. माणसाने धडपडून काही होत नाही, विश्वाससुद्धा देवच देतो. दुसरा पक्ष म्हणतो, देव हाक सगळ्यांना मारतो, ओ द्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या हातात. पहिल्या पक्षाला लोक विचारतात, मग ज्याला निवडलं नाही त्याचा गुन्हा काय? दुसऱ्याला विचारतात, मग तू वाचलास तो तुझ्या शहाणपणाने की देवाच्या कृपेने? दोन्हीकडे शास्त्रातले आधार आहेत. दोन्हीकडे चांगली माणसं असतीलही. मला भेटली नाहीत.

आमचं गाव बिडकीनच्या पुढे, पैठणच्या रस्त्यापासून आत दोन कोस. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, पंधरा-सोळा वर्षांचे होते. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिलेली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. गावात मिशनच्या काळातलं एक पत्र्याचं चर्च आहे, आम्ही त्याला देऊळच म्हणतो. दारासमोरच्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला, तीच आमची घंटा. ती रविवारी सकाळी दादा वाजवत. देऊळ झाडायचं, सतरंज्या अंथरायच्या, बाप्तिस्म्याच्या दिवशी विहिरीवरून पाणी आणून हौद भरायचा, हे सगळं त्यांचंच. मायचा बाप्तिस्मा मी मांडीवर असताना झाला आणि तिच्याबरोबर माझाही. दादांचा झाला नाही.

बाप्तिस्मा न झालेल्याला प्रभुभोजनाला बसता येत नाही. भाकर आणि द्राक्षरसाचा पेला फिरायची वेळ झाली की पाळकसाहेब थांबत, आणि अशा लोकांनी उठून बाहेर जायचं. आमच्या गावात असे लोक म्हणजे एकटे दादा. ते उठायचे, टोपी काढलेली असायची ती पुन्हा घालायचे आणि बाहेर चपलांपाशी जाऊन बसायचे. मी लहानपणी दारातून त्यांची पाठ बघायचो. "काय, यंदा घेताय ना?" असं कोणी विचारलं की ते हसायचे. "बघू की पुढल्या साली."

मला वाटायचं, ते लग्नात हलगी वाजवायला जातात, मरीआईच्या जत्रेतही वाजवतात, ते त्यांना सोडवत नाही. कोणी विचारलं तर मी तेच सांगायचो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. आमच्यातल्या बहुतेक पोरांना दोन नावं असतात. एक देवळातलं, एक शाळेतलं. देवळातलं शास्त्रातून आलेलं, शाळेतलं आजा-पणजाचं. बाप्तिस्मा झाला की सरकारी कागदावर आपण आपल्या जातीचे राहत नाही. जातीचा दाखला जातो, दाखल्याबरोबर सवलत जाते आणि सरकारी वसतिगृहातली जागाही जाते. म्हणून कागदावर एक आणि देवळात एक. यात लपवाछपवी आहे असं आम्हाला कोणालाच वाटायचं नाही, पाऊस आला की आपण डोक्यावर पोतं घेतो तसं ते होतं. दाखला काढताना तलाठी बापाची चौकशी करतो. माझा दाखला दादांवर निघाला होता, हे मला माहीत होतं. पण ही गोष्ट आणि चपलांपाशी बसणारी ती पाठ, या दोन गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नाहीत. सुचलं नाही म्हणू की पाहायचं नव्हतं म्हणू, मला खरंच सांगता येत नाही.

तर वादविवाद. औरंगाबादच्या मंडळीच्या हॉलमध्ये शंभरेक लोक होते. माझ्या विरुद्ध बाजूला नर्सिंगला शिकणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, "जर आधीच ठरलंय तर आपण गावोगाव सुवार्ता सांगत का फिरतो? ठरलंय ते होईलच की." लोक हसले, टाळ्या पडल्या. मी घाबरलो. माझी तयारी पाठ होती, पण पाठ केलेलं तिच्यापुढे फिकं पडणार हे दिसत होतं. तेव्हा मला दादा आठवले.

मी म्हणालो, "मी एका गावातला एक माणूस ओळखतो. वीस वर्षं तो देवळाची घंटा वाजवतो. देवळाच्या दाराशी राहतो. प्रत्येक उपदेश ऐकतो. बाप्तिस्म्याचं पाणी स्वतःच्या खांद्यावर वाहून आणतो आणि दुसऱ्यांना त्यात उतरताना बघतो. त्याला कोणी अडवलंय? कोणी नाही. हाक त्याच्याएवढी कोणी ऐकलेली नाही. मग तो बाहेर का? इच्छा त्याच्याच हातात असती तर तो केव्हाच आत आला असता. कारण एकच. त्याला निवडलेलं नाही."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. पाळकसाहेबच परीक्षक होते. दर महिन्याला ते आमच्या गावात येत, त्यामुळे मी कोणाविषयी बोलतोय हे त्यांना नक्की कळलं होतं. त्यांनी पहिलं बक्षीस मला दिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उदाहरण जिवंत होतं." मी त्या दिवशी वसतिगृहापर्यंत चालत गेलो तो जमिनीवर पाय न ठेवताच.

पुढच्या महिन्यात ते आमच्या गावी उपासनेला गेले आणि त्यांनी तोच उपदेश केला, माझंच उदाहरण घेऊन. नाव घेतलं नाही. फक्त म्हणाले, "याच गावच्या एका शिकलेल्या मुलानं हे सिद्ध करून दाखवलंय." पत्र्याच्या त्या खोलीत चाळीस माणसं. घंटा वाजवणारा एक. शिकलेला मुलगा एक.

मला हे कळलं ते माय शहरात आली तेव्हा. तिनं वसतिगृहाच्या फाटकाबाहेर शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "तू काय बोललास रं तिथं?"

"कुठं?"

"दादाबद्दल."

मी सांगायचा प्रयत्न केला. वादविवाद असतो, बाजू मांडावी लागते, ते मनापासून नसतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "घंटा आता दुसरंच कोण वाजवतंय. त्यांनीच सोडली. मी म्हणलं काहून? तर म्हणले, ज्याचं नाव यादीतच नाय त्यानं लोकायला कशापायी बोलवावं."

"रागावलेत का?"

"रागावले असते तर बरं झालं असतं," माय म्हणाली. "त्यायला पटलंय. म्हणत्यात, पोरगं शिकलेलं हाय, त्याला मालूम असंल."

मी त्या रविवारी गावी जायला हवं होतं. चाचणी परीक्षा होती. गेलो नाही.

मधलं वर्ष मी सांगत नाही, सांगण्यासारखं काही केलं नाही म्हणून. दोनदा घरी गेलो, दोन्ही वेळा विषय काढायचं ठरवून गेलो आणि न काढता परत आलो. मी शेवटच्या वर्षाला असताना थंडीत दादांच्या छातीत पाणी झालं. त्यांना औरंगाबादला सरकारी दवाखान्यात आणलं. वॉर्डात खिडकीजवळची कॉट मिळाली. शेजारच्या कॉटवर शहागंजातले एक म्हातारे चाचा होते, त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तोंड दिवसभर चालू. दादांचं आणि त्यांचं चांगलं जमलं.

चौथ्या दिवशी पाळकसाहेब प्रार्थनेला आले. त्यांच्या मागोमाग एक सुवार्तिकही आले, तंबू ठोकून सभा घेणारे. ते दुसऱ्या पक्षाचे. माणसाने आत्ता, या क्षणी निर्णय घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. एक कॉटच्या या बाजूला बसले, एक त्या बाजूला. मायनं दादांसाठी आणलेली केळी स्टुलावर होती. सुवार्तिकांनी एक सोललं.

"भाऊ," ते दादांना म्हणाले, "उद्याचा भरवसा नाही. तोंडानं फक्त हो म्हणा. दार तुमच्या हातात आहे."

"दार त्यांच्या हातात असतं तर वीस वर्षं का लागली?" पाळकसाहेब म्हणाले. "आजाऱ्याला घाबरवून घेतलेला होकार म्हणजे विश्वास नव्हे."

"म्हणजे तुम्ही त्याला तसाच जाऊ देणार?"

"मी कोण जाऊ देणारा? तुम्ही कोण थांबवणारे? कृपा विकत मिळत नाही, तुमच्या तंबूत मिळते तशी."

"आणि तुमच्या देवानं काय माणसं जाळण्यासाठी घडवली?"

दोघांचेही आवाज चढले. आधार म्हणून अध्याय आणि ओव्यांचे आकडे एकमेकांवर फेकणं सुरू झालं. मी दोघांच्या तोंडांकडे बघत होतो. सुवार्तिकांच्या ओठाच्या कोपऱ्यात केळ्याचा पांढरा गर चिकटला होता आणि ते बोलत तसा तो हलत होता. पाळकसाहेबांनीही बोलता बोलता एक केळं घेतलं. सालं त्यांनी दादांच्या पांघरुणावर, पायाशी ठेवली. दादांना श्वास पुरत नव्हता. ते एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते, गुन्हेगारानं दोन वकिलांकडे बघावं तसे. त्यांच्याशी कोणी बोलतच नव्हतं. सर्वांत घाण गोष्ट ही, की माझ्या डोक्यात एक भाग तेव्हाही मोजत होता, कोणाचा मुद्दा वरचढ झाला ते.

शेवटी चाचा बोलले. "अरे भाई, पहले इसको साँस तो लेने दो. फिर बैठ के जन्नत का फैसला करना." मग मायकडे बघून म्हणाले, "और बाई, केले उठा लो. दोनों मौलवी भूखे दिखते."

आसपासचे पेशंट हसले. दादाही हसले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. त्या खोकल्यात दोघं उठले.

मी मायला जिन्यात गाठलं. म्हणालो, "एकदाचा घेऊन टाकू दे ना दादांना बाप्तिस्मा. कशासाठी अडलंय? हलगीच ना?"

माय पायरीवर थांबली. "हलगी? हलगी सोडून आठ-नऊ वर्षं झाली. तुला दिसलं नाय?"

मला दिसलं नव्हतं.

"तू सातवीत व्हतास," ती म्हणाली. "त्या साली हे तयार झाले व्हते. नवं धोतर आणलं व्हतं. तर पाळकसाहेबच म्हणले, थांबा. पोरगं हुशार हाय. बापाचा बाप्तिस्मा रजिस्टरात चढला की उद्या तलाठ्याला कोणबी दाखवील, दाखला जाईल. त्याला शिकू द्या, कॉलेज होऊ द्या, मग घ्या. यांनी विचारलं, तवर मी मेलो तर? तर साहेब म्हणले, देव मन बघतो."

"पाळकसाहेब असं म्हणाले?"

"माझ्यासमोर. आपल्याच वसरीत. च्या पिऊन."

जिन्यात फरशी पुसायच्या पाण्याचा आणि फिनेलचा वास येत होता. माझ्या डोळ्यांपुढे तो हॉल आला. त्याला कोणी अडवलंय, मी विचारलं होतं. आणि ज्यानं अडवलं तो समोर परीक्षक म्हणून बसून मार्क देत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. भांडायला गेलो होतो, पण भांडता आलं नाही. त्यांच्यासमोर मी नेहमी उभाच राहतो, त्या दिवशीही उभाच होतो. एवढंच विचारलं, "साहेब, तुम्हाला माहीत होतं. मग ते बक्षीस? मग गावातला तो उपदेश?"

त्यांना राग आला नाही. त्यांनी मला अगदी मायेनं समजावलं, त्याचीच मला आज जास्त शिसारी येते. म्हणाले, "बाळ, ते वेगळं आणि हे वेगळं. तो व्यवहार होता. हा सिद्धांत आहे. आणि असं बघ, माझ्या तोंडून तो सल्ला यावा आणि त्यांनी तो ऐकावा, हेही ठरलेलंच असेल ना?"

"मग आज त्यांना बाप्तिस्मा द्या. वॉर्डात. दाखला गेला तर जाऊ दे."

ते म्हणाले, "तुझी परीक्षा कधी आहे?"

"दोन महिन्यांनी."

"दोन महिने थांबले तर सगळ्यांच्याच दृष्टीनं बरं. तूही आमच्या रजिस्टरात आहेस, देवळातल्या नावानं. एकाची चौकशी निघाली की दहा पोरांची निघते." आणि माझा चेहरा बघून ते उठले. "बरं, चल. ते म्हणत असतील तर मी नाही म्हणणार नाही."

ते आले. त्यांनी वाटीत पाणी घेतलं. सुवार्तिक नव्हते, केळी नव्हती, चाचा झोपले होते. मी दादांच्या कानाशी वाकलो. "दादा, साहेब आलेत. मायनं मला सगळं सांगितलं. आता घ्या. माझ्या दाखल्याची फिकीर करू नका."

दादांनी वाटीकडे पाहिलं. नजर तिच्यावरून हलत नव्हती, ती अजून मला दिसते. मग म्हणाले, "परीक्षा झाली का?"

"नाही."

"मग?"

"मग काय दादा? तुम्हाला नको का?"

"लई पाहिजे," दादा म्हणाले. "लई दिवसांपासून पाहिजे. पण अर्ध्यात सोडलं तर इतके दिवस भायेर बसलो ते कशापायी?" त्यांना श्वास घ्यायला थांबावं लागलं. "साहेब, ठिवा ती वाटी. पोराचा निकाल लागू द्या."

पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूची इच्छा." दादांनी मान हलवली. "माझी," ते म्हणाले. एवढंच. मोठ्यानंही नाही. पाळकसाहेबांनी पाणी खिडकीतून बाहेर फेकलं आणि वाटी मायकडे दिली.

नवव्या दिवशी दादा गेले. त्यांना गावी आणलं.

ख्रिस्ती लोकांच्या स्मशानात जागा मिळणार नाही, हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण सगळे आधीच ओढ्याकडे वळले. आमच्या जातीची जुनी पुरायची जागा तिथं आहे, बाभळीखाली. भावकीतली माणसं होती, मंडळीतलीही आली होती. ती थोडी लांब, बांधावर उभी राहिली. पाळकसाहेबही बांधावरच. अंत्यविधीची प्रार्थना ते म्हणू शकत नव्हते, नियम तसा होता. सुवार्तिकही कुठून तरी आले होते. दोघं शेजारी शेजारी उभे होते आणि हळू आवाजात बोलत होते.

दादांना खाली उतरवलं. माय म्हणाली, "प्रार्थना कर."

मी कधी कोणाच्या मातीवर प्रार्थना केली नव्हती. मी म्हणालो, "हे बापा, तू तुझ्या या सेवकाला तुझ्याजवळ घेतलंस..."

"असं नाही म्हणता येणार," बांधावरून पाळकसाहेब म्हणाले. आवाज मऊच होता. "घेतलं असं आपण ठामपणे म्हणू शकत नाही, बाळ. घ्यावं, अशी विनंती कर."

"विनंतीही आता उशिरा आहे," सुवार्तिक म्हणाले. "संधी जिवंतपणीच असते."

"आपला मतभेद तोच तर आहे," पाळकसाहेब त्यांच्याकडे वळले.

ते खरोखर सुरू करणार होते. उघड्या खड्ड्याच्या काठावर, दादांच्या तोंडावर अजून माती पडायची असताना. आणि मला पुढचा मुद्दा ठाऊक होता, त्याच्या पुढचाही. मी तसाच उभा राहिलो, अर्धं वाक्य तोंडात घेऊन.

माय वाकून मूठभर माती घेत होती. ती न वळताच बोलली, "साहेब, ते कुठं गेले ते तुमाला मालूम नसंल तर गप्प ऱ्हावा. मला मालूम हाय." मग मला म्हणाली, "तू म्हण रं. म्हणत व्हतास तसंच म्हण."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. घेतलंस, असंच म्हणालो. आवाज बांधावर ऐकू जाईल इतका होता. आमेन भावकीतल्यांनी म्हटलं, त्यांच्यातल्या निम्म्यांना तो शब्दही नीट येत नव्हता. बांधावरून काही ऐकू आलं नाही. मग मी फावडं घेतलं.